वाटेतला थांबा

नोएमीने रुमाल काढला तो डोळे पुसायला नव्हे, काच पुसायला. रोजच्या सवयीने ती आशीर्वादासाठी कॉलेजातल्या कान्देंग बाईंचा हात घेऊन कपाळाला लावायला वाकली होती. वाकल्यावर कळलं की हात काचेखाली आहे, आणि तेवढ्यात डोळ्यातला थेंब टपकन शवपेटीच्या काचेवर पडला. पडायला नको होता. काचेवर आसू पडलं की मेलेल्या माणसाचा पाय निघत नाही, हे या गावात शेंबडं पोरही सांगेल. तिने इकडेतिकडे बघत, चोरी केल्यासारखा, तो थेंब टिपला. बाईंची धाकटी बहीण, पासिंग मावशी, दाराशी आल्याचा चहा वाटत होती. तिने पाहिलं नव्हतं. बाईंनी पाहिलं असेल तर असो.

बाई फिकट निळ्या पोशाखात छान दिसत होत्या. ओठ जरा जास्तच रंगवले होते, ते त्यांना आवडलं नसतं. अंगणात ताडपत्रीखाली शेजारपाजारचे लोक पत्ते खेळत होते, बशांतून शेंगदाणे आणि बिस्किटं फिरत होती. चार दिवस घरात मयत आहे म्हटल्यावर जाग ठेवायला कुणीतरी हवंच. मावशी चहाचा पेला घेऊन नोएमीजवळ आली आणि पेटीकडे हनुवटीने खूण करत हळूच म्हणाली की तेलाची बाटली पायाशी ठेवली आहे, तिथे गेल्यावर गुडघे दुखले तर असावी. पुदिन्याचं ते उग्र तेल बाई जन्मभर गुडघ्यांना चोळत आल्या. वर्गात त्या शिरायच्या आधी त्यांचा वास शिरायचा आणि मागच्या बाकावरची पोरं पाय खाली घ्यायची.

मावशीला मनातलं काहीतरी बोलायचं होतं. ती नोएमीला चिकटून बसली.

"त्या दिवशी इस्पितळात तो पोरगेला डॉक्टर माझ्याशी कितीतरी वेळ बोलला गं. सगळं इंग्रजीत. मी आपली मान हलवत राहिले. शेवटी त्याने विचारलं, समजलं ना? मी हो म्हटलं."

"मग?"

"मग काय. तो गेल्यावर ही हसायला लागली. म्हणे, माझ्याच वर्गात होता, मागच्या बाकावर झोपायचा." मावशीने पदराआड नाक पुसावं तसं हातातल्या फडक्याने पुसलं. "तिला काय झालं होतं, ते मला अजून माहीत नाही. लोक विचारतात, मी सांगते, देवाची इच्छा."

नोएमीने चहाचा पेला खाली ठेवला.

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. डीन आबेयाना सर. ते मघाशी आत येऊन, हात पाठीमागे बांधून पेटीपुढे मिनिटभर उभे राहिले होते आणि मोटारीत जाऊन बसले होते. दुपारी कॉलेजच्या परिषदेची बैठक होती आणि नोएमीला स्वतः गाडीतून न्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. का, ते नोएमीला पुरतं ठाऊक होतं.

मावशी जागची उठली नाही. मयताच्या घरातून पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं नसतं. बसल्या बसल्याच तिने बजावलं.

"सरळ जाऊ नकोस हं. बेकरीपाशी थांब, दोन घास खा, झटकून टाक आणि मग पुढे जा. नाहीतर येईल ही मागोमाग. लोकांच्या मागे लागायची तिला जन्माची खोड."

ही रीत कुणी मोडत नाही. मयताहून निघालं की वाटेत कुठेतरी थांबायचं, म्हणजे मागे लागलेलं जे काही असेल ते तिथेच रेंगाळतं आणि तुमच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही. गावच्या बेकरीचा निम्मा धंदा मयतांवर चालतो असं लोक थट्टेने म्हणायचे.

पण बेकरी आली आणि डीनसाहेबांनी गाडी हळूदेखील केली नाही.

"सर, थांबायचं ना?"

"उशीर झालाय. आणि ती रीत घरासाठी आहे, नोएमी. आपण काय घरी चाललोय? कॉलेजला जाऊन कुणाला झपाटायचंय तिला?"

ते स्वतःच्याच विनोदावर हसले. नोएमीही हसली, कारण साहेब हसल्यावर हसावं लागतं. पण बेकरी मागे पडेपर्यंत तिची नजर तिथून हटली नाही. बाईंचं घर म्हणजे फक्त झोपायची जागा, दिवस सगळा कॉलेजात. मग घर नेमकं कुठलं म्हणायचं?

गाडीत टिंग टिंग वाजायला लागलं. मागच्या सीटवर कुणी पट्टा न लावता बसलं की वाजायचं तसं.

"तुझी पिशवी असेल मागे," डीन म्हणाले.

पिशवी नोएमीच्या मांडीवर होती. मागे फक्त तिची छत्री होती, तीही घडीची. तिने वळून पाहिलं नाही. छत्री जड आहे म्हणाली. थोड्या वेळाने आवाज आपला आपण थांबला, जणू कुणी पट्टा लावून घेतला.

डीन मुद्द्यावर आले. माणूस वाईट नव्हता, उगाच का खोटं बोला. कायद्याने आता कॉलेजांवर फिलिपिनो भाषेची सक्ती उरली नव्हती. आजूबाजूच्या कॉलेजांनी तो विषय केव्हाच गुंडाळला होता. या कॉलेजात मात्र जुना नियम होता की विभागप्रमुखाच्या संमतीवाचून विषय बंद करता येत नाही, आणि विभागप्रमुख होत्या कान्देंग बाई. दरवर्षी डीन विचारायचे, दरवर्षी बाई नाही म्हणायच्या, आणि बैठक संपल्यावर दोघं मिळून उपाहारगृहात पांदेसालचे पाव खायचे. आता विभागात उरली एकटी नोएमी. प्रमुख म्हणून तिचंच नाव लागलं होतं.

"तुला इंग्रजीत घेतोय. कायमची," डीन म्हणाले. "दर सत्राला करारासाठी माझ्या दाराशी उभं राहणं संपेल. जेसाच्या फीची सवलतही चालू राहील. तू फक्त हात वर करायचास."

जेसा म्हणजे नोएमीची लेक, परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला याच कॉलेजात. नवऱ्याची पाठ जहाजावर मोडल्यापासून घर नोएमीच्या या कच्च्या नोकरीवर चाललं होतं. तिने आठवड्यापूर्वीच डीनना हो म्हटलं होतं, बाई इस्पितळात असताना. बाईंना सांगितलं नव्हतं. रोज त्यांच्या उशाशी बसायची, हात कपाळाला लावायची, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून परत यायची.

"करीन," ती म्हणाली.

गाडीत पुदिन्याच्या तेलाचा वास येत होता. डीननी आपल्या बाजूची काच खाली केली.

बैठकीची खोली तळ्याच्या बाजूला होती. लांब टेबल, त्याभोवती एकसारख्या खुर्च्या, आणि त्यांच्यात उपरी दिसणारी एक वेताची. बाईंनी ती गुडघ्यांसाठी स्वतः घरून आणली होती. ती कुणी हलवली नव्हती आणि आज तिच्यावर कुणी बसतही नव्हतं. नोएमीची जागा नेहमी त्या खुर्चीशेजारची. ती बसली. वीज गेली होती, पंखे थांबले होते, उघड्या खिडक्यांतून एक पानही हलत नव्हतं. तरी वेताची खुर्ची मधूनच करकरायची. वेत जुना झाला की करकरतो, असं नोएमीने स्वतःला समजावलं.

सुरुवातीला बाईंसाठी सगळे उभे राहिले, छोटी प्रार्थना झाली. मग इंग्रजीत कामकाज सुरू झालं, नेहमीसारखं. इंग्रजीच्या रोशेल मॅडम म्हणाल्या की मुलं शाळाभर हीच भाषा शिकून येतात, कॉलेजात पुन्हा तेच ते कशाला. पोरं उद्या दुबईला जातील, लंडनला जातील, तिथे रोग्याशी कुठल्या भाषेत बोलणार आहेत? हिशेबनिसाने मान डोलावली. कुणाच्याच बोलण्यात दुष्टावा नव्हता, म्हणून नोएमीला जास्त वाईट वाटलं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

मग डीन बोलले आणि ते बोलणं मात्र पाठ केलेलं नव्हतं. ते सेबू बेटावरचे. मनिलाच्या बाजूची ही भाषा राष्ट्राची म्हणून त्यांच्या माथी मारली गेली, असं ते नेहमी म्हणत.

"माझ्या आईची भाषा कुठल्या कॉलेजात शिकवतात, सांगा ना. मी इथे तरुणपणी शिकवायला आलो तेव्हा माझे उच्चार ऐकून मुलं फिदीफिदी हसायची. ही भाषा आपली सर्वांची, असं मला कुणी सांगू नये." ते थांबले, आणि वेताच्या खुर्चीकडे न बघता पुढे म्हणाले, "कान्देंग बाईंनी मला शिकवली, हे खरं. रोज संध्याकाळी, फुकट. एकदाही हसल्या नाहीत. वर माझ्या भाषेतले शब्द मलाच विचारून घ्यायच्या. पण एका बाईच्या चांगुलपणावर विषय चालवता येत नाही."

याला काय उत्तर द्यायचं? बाईंकडे होतं. त्या म्हणायच्या, तुझ्या आईची भाषाही शिकवू या, आबेयाना, पण पहिली बंद करून दुसरी कशी सुरू होईल? परिचारिकेच्या मुलांना त्या वर्गात उभं करायच्या, एकीला म्हातारी आजी बनवायच्या आणि सांगायच्या, रोगाचं नाव तू इंग्रजीत घोकलंस, आता ते या आजीला तिच्या भाषेत सांग, असं सांग की तिला समजेलही आणि ती मोडून पडणार नाही. मुलं अडखळायची, घाम फुटायचा, काही रडायची. जेसा पहिल्या दिवशी घरी येऊन कुरकुरली होती की हे इंजेक्शन देण्याहून अवघड आहे.

हे सगळं नोएमीच्या जिभेवर आलं आणि तिने गिळलं. शब्द दिला होता.

"तर विभागाची संमती," डीन म्हणाले. "नोएमी मॅडम?"

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नोएमीचा उजवा हात टेबलावर पालथा पडला होता. तो उचलायचा, एवढंच काम. तिने जेसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि हात उचलायला गेली.

हात आपोआप उचलला गेला. कुणी ओढला नाही, कुणी दाबला नाही. तिच्या बोटांखाली कुणीतरी आपली बोटं घातली, हात हलकेच वीतभर वर घेतला, आणि हाताच्या पाठीला कपाळ टेकलं. दुसरं काही नव्हतं ते. जेसा रोज सकाळी कॉलेजला निघताना तिचा हात असाच घ्यायची, तो स्पर्श नोएमीने झोपेतही ओळखला असता. फक्त जेसाचं कपाळ गरम असायचं. हे फरशीसारखं गार होतं. वर दोन विरळ केस बोटांवरून घसरले. पुदिन्याचा वास इतका दाटला की समोर हिशेबनीस शिंकला.

नोएमी भ्यायली, चांगलीच भ्यायली. पण भीतीहून मोठं काहीतरी तिला कळत होतं. धाकट्याने थोरल्याचा हात कपाळी लावायचा, थोरल्याने धाकट्याचा नाही. बाई जन्मभर वाकल्या त्या आपल्या आईपुढे आणि एकदा गावात आलेल्या बिशपपुढे. आज त्या तिच्यापुढे वाकल्या होत्या. विभागात आता थोरली कोण, ते त्यांनी सांगून टाकलं होतं. आणि मोठं माणूस म्हणून कुणी हात कपाळाला लावला की गप्प बसायचं नसतं. तसा हात कोरडा परत घेण्याइतका अपमान नाही.

"देव तुला सांभाळो," नोएमी म्हणाली. फिलिपिनोत, मोठ्याने, भर बैठकीत.

रोज सकाळी कागदावरची नजर न काढता बाई तिला हेच म्हणायच्या, आणि लगेच त्याच दमात, उशीर केलास.

हात सुटला. टेबलावर परत आला. रोशेल मॅडम तिच्याकडे टकामका बघत होत्या. इतक्यात त्यांचं लक्ष डीनकडे गेलं, कारण डीन काही विचारत नव्हते. ते आपल्याच उजव्या हाताकडे पाहत होते. तो हात हवेत थोडा उचललेला होता. एकाएकी चटका बसल्यासारखा त्यांनी तो मागे ओढला आणि टेबलाखाली घेतला.

"माझी संमती नाही," नोएमी म्हणाली.

शब्द स्वच्छ आले. मग तिने इस्पितळातल्या डॉक्टरची गोष्ट काढली. पासिंग मावशीने मान कशी हलवत ठेवली ते सांगितलं, आणि तो डॉक्टर हुशारच आहे, रोग त्याने बरोबर ओळखला असणार, हेही सांगितलं. त्याचा दोष काढायचा नाही, म्हणाली, त्याला फक्त हे एक येत नव्हतं. त्या वर्गात तो झोपला होता, पण निदान झोपायला वर्ग तरी होता. सगळं फिलिपिनोतच बोलली. कुणी इंग्रजीत बोला म्हटलं नाही.

रोशेल मॅडमना राग आला होता, तो लपला नाही. आधी एक ठरवायचं आणि ऐनवेळी कोलांटी मारायची, अशा अर्थाचं त्या काही बोलल्या. नोएमीने मान खाली घातली, कारण ते खरं होतं. डीननी कोरड्या आवाजात सचिवाला लिहायला सांगितलं की विभागाची संमती नाही, विषय चालू राहील. आणि बैठक संपली म्हणाले.

माणसं भराभर बाहेर पडली, वासाने डोकं चढलंय म्हणत. वीज आली, पंखे फिरायला लागले, छतावरचा दिवा लागला. नोएमी पिशवी आवरत रेंगाळली. आता तिला रडू येत होतं, बाईंसाठी आणि घरी जाऊन जेसाला काय सांगायचं त्यासाठीही. कच्ची नोकरी कच्चीच राहिली, आणि या साहेबांच्या सहीवर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं.

डीन दाराशी उभे होते. उजवा हात अजून पँटच्या खिशात.

"घरी सोडतो तुला," ते म्हणाले. जरा घुटमळले. "वाटेत बेकरीपाशी थांबू या का आपण?"

"कशाला, सर? थांबून झालं की." नोएमीने वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. "आपण इथेच थांबलो."

डीननी खोलीभर नजर फिरवली. रंग उतरला होता त्यांचा. दिवा मालवायला त्यांनी डावा हात बटणापर्यंत नेला आणि तसाच ठेवला.

"तू तरी काहीतरी बोललीस," ते पुटपुटले. "मी हात ओढून घेतला."

"सर, मग आता म्हणा ना. त्या आहेत अजून."

डीननी खिशातून उजवा हात काढला. कुणी लहान माणूस समोर आलं की धरावा तसा, पालथा, किंचित खाली झुकवून, तो रिकाम्या खोलीपुढे धरला. मग ते जे बोलले ते इंग्रजी नव्हतं आणि फिलिपिनोही नव्हतं. त्यांच्या आईच्या भाषेत होतं, आणि शेवटचा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज एखाद्या पोराचा झाला.

वेताची खुर्ची करकरली, कुणी जड माणूस टेकून बसावं तशी.

डीननी दिवा मालवला नाही. दार हळूच लोटून घेतलं आणि दोघं जिना उतरले. गाडीत बसल्यावर नोएमीने छत्री मागच्या सीटवर टाकली. गावातून, बेकरीवरून, थेट तिच्या घरापर्यंत, गाडीत काहीही वाजलं नाही.